पावसाच्या राज्यातले वाळवंट

"साहेब, वाळवंट बघायचं तर कुठं जायला लागतंय?"

आमचे जुने स्नेही आप्पा यांच्या पाचवीतल्या नातवाने हा प्रश्न विचारला, तेव्हा मी त्यांच्या पडवीत चहा पीत बसलो होतो. भूगोलाच्या पुस्तकात उंटाचे चित्र आले होते. त्याच्या सातवीतल्या ताईने लगेच उत्तर दिले, "राजस्थानात. रेल्वेनं दोन दिवस लागतात." पोराचे तोंड उतरले.

मी म्हणालो, "उंट नाही दाखवता येणार, पण वाळवंट दाखवतो. आपल्या आजऱ्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. पहाटे निघालो तर जेवणाच्या वेळेला घरी."

आप्पा हसले. "साहेब, आंबोलीच्या वाटंला वाळवंट? तितं तर पावसानं माणूस कुजतंय!"

"म्हणूनच चला," मी म्हणालो.

वाचकहो, अर्ध्या दिवसाच्या त्या फेरीची ही हकिगत आहे. मौजेची सहल म्हणून निघालो होतो खरे, पण परत येताना आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या मनात वेगळाच विचार होता. तो आपल्या प्रत्येकाच्या रानाशी निगडित आहे, म्हणून लिहितो.

टप नसलेली जीप

एप्रिलची अखेर होती. वळीव अजून पडला नव्हता. गावातल्या एका जीपवाल्या मामांकडे जुनी, टप काढून ठेवलेली जीप आहे. तीच ठरवली. आप्पा, त्यांची सूनबाई, दोन मुले, मी आणि मामा, असे सहा जण पहाटे साडेपाचला निघालो. बरोबर पाण्याचे दोन कॅन, नाचणीच्या भाकऱ्या, खर्डा, कांदे आणि उन्हासाठी प्रत्येकाच्या डोक्याला टॉवेल. उघड्या गाडीत ऊन आणि वारा दोन्ही सरळ अंगावर येतात, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पण उघड्या गाडीची गंमतही तीच. बसमधून जाताना जमीन नुसती सरकते. इथे तिचा वास येतो, ओल कुठे संपली आणि कोरडे कुठे सुरू झाले ते गालाला कळते.

वाट थोडी वाकडी करून आधी रामतीर्थाला गेलो. हिरण्यकेशी तिथे खडकावरून खाली उतरते. पावसाळ्यात तिचा आवाज लांबून ऐकू येतो. उन्हाळ्यात धार बारीक होते आणि खडक उघडा पडतो. मुलांना मी त्या खडकावर हात फिरवायला सांगितला. मुलगी म्हणाली, "किती गुळगुळीत! पाट्यासारखा." पाणी मऊ आणि दगड कठीण, पण पाणी आपल्याबरोबर वाळू-गोटे आणते, आणि हजारो वर्षे घासत राहिले की दगडालाही आकार येतो. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीने खडकात असेच मोठमोठे रांजणखळगे कोरले आहेत. "पाणी दगडाला सोडत नाही, तर मातीला काय सोडणार," एवढे वाक्य मी मुलांना लक्षात ठेवायला सांगितले आणि आम्ही आंबोलीच्या रस्त्याला लागलो.

रस्त्याकडेचे उघडे पुस्तक

गवश्यापर्यंत उसाचे फड दिसतात. पुढे चढ सुरू होतो, ऊस मागे पडतो, काजूच्या बागा आणि मग जंगल लागते. एका वळणावर रस्त्यासाठी डोंगर उभा कापलेला आहे. तिथे मामांना गाडी थांबवायला सांगितली.

शेतकऱ्याने अशा कापावर पाच मिनिटे जरूर थांबावे. आपल्या पायाखाली काय आहे ते तिथे उभे उघडे असते. सगळ्यात वर वीतभर तांबडी माती, तीत मुळ्या. त्याखाली जांभा, तांबडा, भोकाभोकांचा, मधमाशांच्या पोळ्यासारखा. त्याच्याही खाली पिवळसर-पांढरी चिकण माती, आणि तळाशी काळा पाषाण.

हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याचाच आहे. त्यावर लाखो वर्षे ऊन आणि धो धो पाऊस पडत राहिला. पावसाने दगडातला चुना, पालाश, सिलिका अशी विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली. मागे राहिले ते न विरघळणारे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. तोच आपला जांभा. लोखंडामुळे तो तांबडा; आणि जिथे अ‍ॅल्युमिनियम जास्त साठले तिथे बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या माथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या त्या याचमुळे. जमिनीतून काढताना जांभा नरम असतो, चिरा सहज तासता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुखानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ साली मलबारातल्या अशा दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिले, ते 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. आपल्या गवंड्यांना ती ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

सूनबाई कापाकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी साहेब, आपुन ज्याच्यावर जगतो ती माती एवढीशीच? वीतभर?"

"एवढीच," मी म्हणालो. "आणि ती एक इंच तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. जायला मात्र एक पावसाळा पुरतो."

सड्यावर

आठच्या सुमारास आंबोलीच्या पठारावर पोहोचलो आणि सड्याच्या कडेला गाडी उभी केली. जीप सड्यावर घालायची नाही, असे मी मामांना आधीच सांगितले होते. चाकोरी सोडून सड्यावर गाडी फिरवली की खडकाच्या खाचांतली मूठमूठ माती आणि तीत झोपलेले कंद-बिया चिरडून जातात. तेव्हा पुढे सगळे पायीच.

आणि मुलगा ओरडला, "वाळवंट!"

नजर पोहोचेल तिथपर्यंत काळपट तांबडा खडक. कुठे सपाट फरशी, कुठे भेगाळलेले ठोकळे, कुठे उन्हापावसाने खालून पोखरलेले आणि वर टोपीसारखे उरलेले दगड. सावलीला एक झाड नाही. खाचांत वाळलेल्या गवताचे झुपके आणि दगडांवर जळकटलेले शेवाळ. आठ वाजले होते तरी खडक तापू लागला होता. पोराने चप्पल काढून पाहिली आणि लगेच घातली.

आप्पा बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "ह्या रस्त्यानं शंभर बाऱ्या गेलो असंन. पर उतरून कवा बगितलं न्हाई."

मी खिशातला लांब खिळा काढून एका खाचेतल्या मातीत खुपसला. दोन बोटे आत गेला आणि खट्ट वाजला. त्या दोन बोटे मातीवर तिथले सगळे जीवन उभे आहे. जून लागला की हाच सडा हिरवा होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर पांढऱ्या, जांभळ्या, पिवळ्या इवल्या फुलांचे गालिचे पसरतात. त्यांत दवबिंदूसारख्या चिकट थेंबांनी किडे धरून खाणाऱ्या वनस्पतीही आहेत, कारण या मातीत नत्र इतके थोडे की ते किड्यांतून मिळवावे लागते. आंबोलीच्या अशाच खडकाळ जागी राहणाऱ्या एका छोट्या भेकाला शास्त्रज्ञांनी २००९ साली नवे नाव दिले. अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून 'टायग्रिना'. म्हणजे सरकारदरबारी 'पडीक' लिहिलेली ही जागा मुळीच पडीक नाही.

मुलीने नेमका प्रश्न विचारला, "काका, वाळवंट पाऊस नसतो म्हणून होतं ना? मग इथं कसं?"

हा प्रश्न ऐकायलाच मी इतक्या लांब आलो होतो.

हिशेब पाण्याचा

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. राजस्थानात जैसलमेरला सुमारे दोनशे. म्हणजे पस्तीसपट फरक. आपल्या भाषेत सांगायचे तर एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला की सुमारे ४,००० लिटर पाणी होते. त्या हिशेबाने आंबोलीच्या एका एकरावर वर्षाला पावणेतीन कोटी लिटरच्या वर पाणी पडते, आणि जैसलमेरच्या एकरावर जेमतेम आठ लाख.

तरीही एप्रिलमध्ये या सड्यावर उभे राहिले की तोंडाला कोरड पडते. कारण पाणी पडणे वेगळे आणि पाणी थांबणे वेगळे. पाणी धरून ठेवणारी माती असते. माती गेली की कितीही पाऊस पडो, आठ महिने वाळवंटच.

जैसलमेरकडच्या शेतकऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखले. तिथेही असेच उघडे खडकाळ माळ आहेत. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून तिथे 'खडीन' बांधली. पद्धत साधी आहे. वरच्या खडकाळ माळावर पडलेला पाऊस खाली वाहत येतो. उताराच्या तळाशी, जिथे मातीची जमीन सुरू होते, तिथे लांबलचक मातीचा बांध घालायचा आणि जादा पाण्याला सांडवा ठेवायचा. पाणी बांधाआड साचते, जमिनीत मुरते, गाळही तिथेच बसतो. पाणी ओसरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाण्याचा थेंब न देता पीक येते. एवढ्याशा पावसावर गहू! जॉर्डन देशात वाडी रम म्हणून वाळवंटी डोंगरांचा मुलूख आहे. जगभरचे लोक उघड्या जीपगाड्यांतून तिथले खडक बघायला जातात. त्या भागातही जुन्या लोकांनी खडकात टाकी कोरून पावसाचे पाणी साठवले होते. ज्यांच्याकडे थोडे होते त्यांनी थेंब मोजला. आपल्याकडे भरपूर होते, आपण मोजले नाही.

सूनबाई म्हणाल्या, "मोजतोय की साहेब आमी. एप्रिलात दोन हंड्यांसाठी खालच्या झऱ्यावर चार खेपा. हंडा डोक्यावर घेतला की बरोबर मोजला जातोय."

यावर कोणी हसले नाही.

झरा कुठून येतो

तिथून हिरण्यकेशीच्या उगमाला गेलो. डोंगराच्या कुशीत गुहा, बाहेर कुंड, महादेवाचे मंदिर. सड्यावरच्या रखरखीतून आत शिरलो आणि गारवा अंगाला लागला. एप्रिलअखेरीला गुहेतून पाणी येत होते. याच पाण्यात शास्त्रज्ञांना एक नवा मासा सापडला. २०२० साली त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुंडात साबण, निर्माल्य, प्लॅस्टिक टाकू नये, हे वेगळे सांगायला नको.

मी मुलांना विचारले, "पाऊस ऑक्टोबरात संपला. मग हे पाणी कुठून?"

मुलगी थोडा विचार करून म्हणाली, "वरून? त्या भोकांच्या दगडातून?"

अगदी बरोबर. सड्यावरचे बरेच पाणी वाहून जाते. पण जे भेगांत, खाचांत, गवताच्या झुपक्यांत अडते ते जांभ्याच्या भोकांतून आत उतरते. खालच्या चिकण मातीच्या थराला लागले की ते थांबते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर येते. आपल्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांचे कितीतरी झरे असेच आहेत. माथ्यावर जांभ्याचा सडा असतो आणि खाली झरा असतो. वरचा दगड ही खालची टाकी आहे.

कुंडाच्या बाहेर सावलीत भाकरी सोडली. आणि तिथे आप्पांनी, खाली बघत, तो विषय काढला जो आम्ही दोघांनी इतकी वर्षे टाळला होता.

"साहेब, माज्या वरच्या तुकड्याचं असंच झालं न्हवं का?"

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. बी. एस्सी.ची पदवी ताजी होती आणि उत्साह दांडगा. आप्पांच्या घरावरच्या उतारावर करवंदी, कुंभा, गवत असा झाडोरा होता. "एवढी जमीन पडून का ठेवता? साफ करा, नांगरा, भुईमूग-नाचणी घ्या," असे मी सांगितले. बांधाचे बोललो होतो, पण बांध झाल्याशिवाय नांगर घालू नका, असे ठासून सांगितले नाही. तीन वर्षे पीक बरे आले. माझे कौतुकही झाले. चौथ्या-पाचव्या वर्षी जुलैच्या एका झडीत मधोमध घळ पडली. पुढे दर पावसाळ्यात दगड वर येत गेले. आज त्या तुकड्यात खिळा खुपसला तर दोन बोटेही जात नाही. सड्याला वाळवंट व्हायला लाखो वर्षे लागली. आम्ही दोघांनी मिळून ते दहा वर्षांत केले.

"ती चूक माझी होती, आप्पा," मी म्हणालो.

"नांगर माजा हुता," आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "आता पोरगं म्हंतंय, त्याच्या वरचा सडा जेसीबीनं फोडू. चिरं निघत्याल, पैसा हुईल, सपाट झाल्यावर काजू लावू."

सूनबाईंनी भाकरी खाली ठेवली. तो सडा म्हणजे त्यांच्या झऱ्याचा माथा. ज्या चार खेपा त्या घालतात, त्याच पाण्याचा.

तीन काठ्या आणि एक दोरी

साडेबाराला घरी आलो, पण जेवणाआधी आप्पा मला वरच्या तुकड्यात घेऊन गेले. मी तीन काठ्या मागवल्या. हे साधन वाचकांनीही करून पाहावे, कारण त्याला पैसा लागत नाही.

पुरुषभर उंचीच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला बांधाव्यात, खाली दोन पावलांचे अंतर ठेवावे आणि मध्ये आडवी काठी बांधून मारुतीच्या देवळाच्या शिखरासारखी चौकट करावी. वरच्या गाठीतून दोरीला दगड बांधून आडव्या काठीच्या खालपर्यंत लोंबता सोडावा. चौकट दोन खुणांवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करावी. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच खुणांवर उभी करावी, पुन्हा खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये पक्की खूण केली की साधन तयार. आता उताराला आडवे चालत जावे. दोरी मधल्या खुणेवर येईल तिथेच पुढचा पाय टेकावा आणि प्रत्येक ठिकाणी दगड ठेवत जावे. त्या दगडांची ओळ म्हणजे समपातळी रेषा.

आपल्याकडच्या पावसात मातीचा उंच बांध टिकत नाही, फुटतो, आणि फुटला की जास्तच नुकसान करतो. म्हणून त्या रेषेवर रानातलेच दगड रचून गुडघ्याएवढा बांध घालावा आणि त्याच्या वरच्या अंगाला वाळ्याची दाट ओळ लावावी. पाणी गाळून खाली जाते, माती वर राहते. पाणी खाली उतरायला एका बाजूला दगडी सांडवा सोडावा. नाचणीची रोपे उताराला आडव्या ओळींत लावावीत. तरवा भाजायला माथ्यावरचा पाला-गवत खरडून आणू नये आणि सड्याला वणवा लागू देऊ नये. माथ्यावरचा झाडोरा आणि सडा आहे तसा राखावा. त्याचे पीक म्हणजे खालचा झरा.

मुलांनी तासाभरात चाळीस-पन्नास पावलांची रेषा आखली. पोरगा म्हणाला, "आजोबा, ही वळतिया कशी? सरळ का न्हाई?" आप्पा म्हणाले, "जमीन वळंल तशी वळतिया. आमी नांगर सरळ घातला, म्हणून तर..." आणि वाक्य तसेच सोडले.

सड्याचे काय करायचे ते त्या दिवशी ठरले नाही. आप्पांचा मुलगा संध्याकाळी कोल्हापूरहून यायचा होता. कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, चिऱ्यांचे पैसे रोख मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. पण निघताना सूनबाई म्हणाल्या, "येत्या रविवारी ह्यास्नी बी त्याच जीपनं न्हेते. सडा बी दावते, गुहेतलं पानी बी दावते. मग म्हनावं फोडा." मला तो उपाय माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या व्याख्यानांहून बरा वाटला.

वाचक बंधुभगिनींनो, आपणही एक सकाळ काढा. मृगाच्या आधी एकदा जा आणि सप्टेंबरात पुन्हा जा. मुलांना बरोबर घ्या, घरातल्या बायामाणसांना जरूर घ्या, कारण पाण्याचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. खिशात एक लांब खिळा ठेवा. सड्यावर तो किती आत जातो ते बघा, आणि घरी आल्यावर आपल्या उतारावरच्या रानात तोच खिळा खुपसून बघा.